शक्तीविना शह: महाबलींना डावात पकडणारा खलनायक कसा रचावा

पांडवांची भरभराट बघून जळणाऱ्या दुर्योधनाला सभापर्वातला शकुनी आधी काय सांगतो? की ही माणसं युद्धात हरायची नाहीत. अर्जुन आहे, भीम आहे, पाठीशी कृष्ण आणि द्रुपद आहेत. देवांनाही जड जातील. मग तो तीन गोष्टी पुढे ठेवतो. युधिष्ठिराला द्यूत आवडतं. त्याला ते खेळता येत नाही. आणि बोलावणं आलं तर त्याला नाही म्हणता यायचं नाही. झालं, कट इथेच पुरा झाला. फासे पुढची गोष्ट. (बापाच्या हाडांचे फासे लोककथेतले. भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीत ते शोधत बसू नका.)

कॉमिक, वेबमालिका किंवा कादंबरीसाठी बिनशक्तीचा खलनायक लिहायला घेतलात तर ही चार वाक्यं टेबलासमोर चिकटवून ठेवा. बहुतेक मसुदे फसतात ते लेखक फाशांपासून सुरुवात करतो म्हणून. खलनायकाला यंत्र देतो, ड्रोन देतो, तळघरात प्रयोगशाळा देतो. मग तो हुशार उरत नाही, फक्त हत्यारबंद होतो. हत्याराला उत्तर द्यायला सुपरहिरो समर्थ असतोच, त्याचा जन्मच त्यासाठी झालेला. खलनायकाने असा प्रश्न मांडायला हवा, जो ताकदीने सुटतच नाही.

आधी नायकाची मोजणी

खलनायकाच्या आधी नायकाचा कागद तयार करा. ‘अफाट ताकद’, ‘विजेसारखा वेग’ असल्या शब्दांवर डाव उभा राहत नाही. आकडे लागतात. किती वजन उचलतो? किती वेगाने पोचतो? किती अंतरावरचं ऐकू येतं? भिंतीपलीकडचं दिसतं का? झोप लागते का? त्याखाली एक वेगळा रकाना आखा: ही शक्ती वापरायची की नाही हे कोण ठरवतं? नायकाचं वचन, कायदा, लपवलेली ओळख, आई, शहरातली माणसं. बुद्धिमान खलनायक कामाला लागतो तो याच रकान्यात. युधिष्ठिराच्या बाबतीत इथे ‘क्षत्रियाने आव्हान नाकारायचं नसतं’ असं लिहावं लागेल, आणि भीमाची गदा त्या वाक्यापुढे लाकडाचा ओंडका ठरते.

शक्तीवरचा थेट तोडगा शक्यतो टाळा. सुपरमॅनला लुळा करणारा क्रिप्टोनाइट १९४३मध्ये रेडिओ मालिकेत आला, कॉमिकमध्ये १९४९ला. तेव्हापासून आळशी लेखकांची त्याने फार सोय केली आहे. खिशातून हिरवा दगड काढला की पुढचं पान लिहायला डोकं लागत नाही. तरीही दगड वापरायचाच असेल तर त्याची किंमत वसूल करा. ऐंशीच्या दशकात सुपरमॅनचा जुना शत्रू लेक्स लूथर याला वेडा शास्त्रज्ञ न ठेवता बडा उद्योगपती म्हणून नव्याने उभं केलं, तेव्हा त्याच्या बोटात क्रिप्टोनाइटची अंगठी आली. सुपरमॅन जवळ यायला बिचकू लागला. पण त्याच किरणांनी पुढे लूथरचा हात गेला आणि मग त्याला कर्करोग झाला. ती अंगठी वाचकाला पटली याचं कारण तिने घालणाऱ्यालाही सोडलं नाही.

नाही म्हणता येणार नाही असं बोलावणं

सापळा आणि बोलावणं यात फरक आहे. सापळ्यात नायक चुकून पडतो, बोलावण्याला तो समजून-उमजून जातो. दुसरा प्रकार नेहमीच सरस, कारण नायक मूर्ख ठरत नाही आणि वाचक तळमळतो. हस्तिनापूरचं निमंत्रण घेऊन विदुर गेला होता. सभेतला सगळ्यात सरळ माणूस, पांडवांचा हितचिंतक, द्यूताला उघड विरोध करणारा. तरी निरोप त्यानेच पोचवला, कारण राजाची आज्ञा होती. तुमच्या कथेतलं बोलावणंही शक्यतो प्रामाणिक माणसाच्या हातून जाऊ द्या. हे बोलावणं लबाडाच्या हातून गेलं तर नायकाला संशय यायलाच हवा, आणि आला नाही तर तो वाचकाला येतो.

मग चाचणी घ्या. नायक गेला तर त्याचं काय जातं, आणि नाही गेला तर काय जातं? दोन्हींची उत्तरं एकेका ओळीत लिहा. एक जरी ओळ रिकामी राहिली तरी पेच सैल आहे. इकडे आड नाही आणि तिकडे विहीर नाही, असा मोकळा रस्ता कुठेतरी उरला आहे, आणि तो वाचकाला पहिल्या वाचनातच दिसतो.

गटातल्या सगळ्यात भारी माणसाचं काय करायचं, हा प्रश्न इथेच येतो. कृष्ण द्यूताच्या वेळी शाल्वाच्या सौभनगरीशी लढत होता. वनपर्वात तो स्वतः सांगतो की जवळ असतो तर बोलावलं नसतं तरी आलो असतो. महाकाव्याला हा योगायोग शोभतो. आजच्या कथेत ती गैरहजेरी खलनायकाने घडवलेली असावी. २०००मध्ये जस्टिस लीग या सुपरहिरोंच्या संघाच्या मासिकाच्या ४३ ते ४६ या अंकांतली कथा यासाठी अभ्यासण्यासारखी आहे. बॅटमॅनचा शत्रू रास अल गूल लाझरस कुंडामुळे शेकडो वर्षं जगला आहे, पण उडणं, डोळ्यांतून आग काढणं असलं काही त्याला येत नाही. तो सर्वांत आधी बॅटमॅनच्या आईवडिलांच्या शवपेट्या पळवतो. बॅटमॅन त्यांच्या मागावर जातो आणि इकडे उरलेल्या वीरांवर एकेक घाव पडतो: अ‍ॅक्वामॅनला पाण्याचीच भीती बसते, ग्रीन लँटर्नची दृष्टी जाते, हवा लागली की मार्शियन मॅनहंटरचं अंग पेटतं. हे सगळे तोडगे कुणी शोधले होते? खुद्द बॅटमॅनने, उद्या सहकारी बिथरले तर हाताशी असावेत म्हणून. रासने फक्त चोरले. वीर सावरतात, कट मोडतो, पण बॅटमॅनला लीगमधून बाहेर पडावं लागतं. खलनायक हरूनही घर फोडून जातो.

उद्दिष्ट लहान ठेवा

जग जिंकायला निघालेला खलनायक लिहिणं सोपं आणि पटवणं अवघड. बिनशक्तीच्या माणसाला एकच नेमकी गोष्ट हवी असू द्या, जी एका वाक्यात सांगता येईल.

२०१६च्या ‘कॅप्टन अमेरिका: सिव्हिल वॉर’मधला हेल्मुट झेमो हे याचं जवळचं उदाहरण. सोकोव्हिया या त्याच्या देशात सुपरहिरोंच्या लढाईत झालेल्या संहारात त्याचं कुटुंब गेलं आहे. अ‍ॅव्हेंजर्सना मारणं आपल्या आवाक्यात नाही हे त्याला ठाऊक आहे. त्याला हवी आहे १६ डिसेंबर १९९१ची एक चित्रफीत, ज्यात कॅप्टन अमेरिकाचा मित्र बकी टोनी स्टार्कच्या आईवडिलांना मारताना दिसतो, आणि ती कुणी, कुणाच्या शेजारी उभं राहून बघायची हे त्याने ठरवून ठेवलं आहे. सुरुवातीला तो क्लीव्हलँडमध्ये लपलेल्या कार्पोव्हला, म्हणजे तेव्हा बकीला हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्याला, गाठून त्या मोहिमेची माहिती विचारतो. कार्पोव्हने तोंड उघडलं असतं तर पुढचा स्फोट, वेषांतर, वीज घालवणं, यातलं काहीच लागलं नसतं. हा बारकावा पुष्कळांच्या नजरेतून सुटतो. शहाणा माणूस स्वस्त रस्ता आधी चाचपून बघतो, रक्तपाताचा महागडा रस्ता तो बंद झाल्यावर.

त्याच चित्रपटातला एक छोटा धागा बघा. झेमो उतरलेल्या हॉटेलमधली बाई न्याहारी घेऊन येते. खोलीत कुणी नाही. न्हाणीघरात प्रेत, झेमोने ज्याचं सोंग घेतलं त्या खऱ्या मानसोपचारतज्ज्ञाचं. त्या प्रेतामुळे टोनी स्टार्कला कळतं की स्फोटाचा आळ बकीवर खोटाच घेतला गेला होता, आणि तो सायबेरियाकडे निघतो. म्हणजे टोनी आणि कॅप्टन अमेरिका या दोघांना एका खोलीत आणण्याचं निम्मं काम बेकन आणि काळ्या कॉफीच्या तबकाने केलं. डाव अशा घरगुती वस्तूंवर चालला की खरा वाटतो. तरी एक सांधा कच्चा राहतोच: सगळे अगदी योग्य वेळी पोचतात. पडद्यावर वेग ते झाकून नेतो. छापील पानावर वाचक थांबून मागे जातो, त्याला हा सांधा सापडेल.

एक डाव, आकड्यांसकट

नियम सांगणं सोपं, म्हणून एक डाव पूर्ण रचून बघू. खाडीकाठचं, पंधरा किलोमीटर लांबीचं शहर. नायक ताशी ६०० किलोमीटरने उडतो, म्हणजे मिनिटाला दहा. शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला दीड मिनिटात. ४० टन उचलतो. भिंतीपलीकडचं दिसत नाही. शहराने आपल्याला आपलं मानलंय, म्हणून शहराचा कायदा तो मोडत नाही.

खलनायक विम्याचा सर्व्हेअर. वय पंचावन्नच्या पुढे, हातात कापडी पिशवी, खिशाला दोन पेनं. त्याला हवंय ते इतकंच: पालिकेच्या जुन्या इमारतीतल्या अभिलेख कक्षात मिठागरांच्या मोजणीची एक फाइल बदलायची. त्या कामाला लागतात २५ मिनिटं. नायक दीड मिनिटात पोचतो. अडचण एवढीच आहे, आणि ती मारामारीने सुटणारी नाही.

म्हणून तो आठ महिने आधी कामाला लागतो. पहिला अपघात खराच घडतो. पाण्याची टाकी कलते. नायक धावतो, पण ४० हजार लिटर पाणी म्हणजेच ४० टन, वर काँक्रीटचं वजन वेगळं. उचलता येत नाही म्हणून तो टाकी फोडून पाणी सोडतो. माणसं वाचतात, खालची अकरा दुकानं बुडतात. दुसरा अपघातही खरा: उड्डाणपुलाच्या कठड्यावर लोंबकळणारी बस. ती तो सहज उचलतो आणि घाईत खालच्या सहा गाड्यांवर टेकवतो. सर्व्हेअर दोन्ही ठिकाणी जातो, नुकसान मोजतो, लोकांकडून प्रतिज्ञापत्रं करून घेतो. एक रुपयाही फुगवत नाही. हे महत्त्वाचं आहे. आकडे खोटे असते तर नायक ते खोडू शकला असता.

तिसरा अपघात त्याने घडवलेला. सुट्टीच्या दिवशी शाळेजवळच्या जाहिरात फलकाचे बोल्ट ढिले. नायक पूर्ण वेगाने येतो, फलक झेलतो आणि त्याच्या वाऱ्याने समोरच्या रुग्णालयाच्या काचा फुटतात. आता पालिकेच्या सभेत ठराव येतो: सार्वजनिक इमारतीत शिरण्याआधी नायकाने लेखी परवानगी घ्यावी. ठराव मांडणारी नगरसेविका भली बाई आहे, तिच्या प्रभागातली दुकानं बुडाली होती. हा तुमचा विदुर.

आता वेळापत्रक. परवानगीला ड्यूटीवरच्या अधिकाऱ्याकडे ५ मिनिटं, प्रभाग अभियंत्याकडे १५, आयुक्त कार्यालयात सहीला २०. एकूण ४०. काम २५ मिनिटांचं. पंधरा मिनिटं शिल्लक. धोक्याची घंटा वाजते, नायक दीड मिनिटात दारात उभा राहतो आणि तिथेच अडतो. आत घुसला तर ठराव मोडला, शहर गेलं. थांबला तर फाइल गेली. आणि परवानगी लवकर मिळालीच तर? सर्व्हेअरकडे त्या दिवशी कागद बघायची रीतसर चिठ्ठी आहे. पकडलं तरी तो फाइल चाळणारा एक म्हातारा. डाव फसला तर खलनायक कुठे उभा असेल, हे डाव जिंकण्याच्या आधी ठरवून ठेवायचं असतं.

डाव कुठे फुटतो

खलनायकाला ज्या गुणाने यश मिळालं त्याच गुणाने तो अडकायला हवा. वेगळी चूक शोधू नका; ऐन वेळी फोन वाजला, साथीदार फितूर झाला, असली चूक उसनी दिसते.

१९८६च्या डेअरडेव्हिलच्या २२७ ते २३१ या अंकांत किंगपिन या गुन्हेगारी सम्राटाला डेअरडेव्हिलचं खरं नाव कळतं: मॅट मर्डॉक, एक आंधळा वकील. तो गुंड पाठवत नाही. बँक म्हणते घराचा हप्ता मिळालाच नाही, करखातं पैसे गोठवतं, एका पोलीस अधिकाऱ्याच्या खोट्या साक्षीने वकिलीची सनद जाते. मॅट मर्डॉकला वाटतं नशीब फिरलं. शत्रू कोण तेच ठाऊक नसेल तर तीक्ष्ण कान, तीक्ष्ण नाक घेऊन तो शोधणार कुणाला? आणि मग किंगपिन त्याचं घर स्फोटात उडवतो. तिथेच मर्डॉकला कळतं की हे नशीब नव्हे, ही किंगपिनची कारागिरी. इतक्या सफाईच्या कामावर त्याने स्वतःची सही करून ठेवली. कागदांनी जिंकत असलेल्या माणसाला राहवलं नाही.

लूथरचं फसणं आणखी सूक्ष्म आहे. १९८७च्या एका अंकात सगळी माहिती संगणकात भरल्यावर उत्तर येतं: क्लार्क केंट हाच सुपरमॅन. उत्तर बरोबर आहे. लूथर ते फेटाळतो आणि ज्या बाईने ते शोधून काढलं तिला कामावरून काढतो. इतकी शक्ती असलेला माणूस साधा बातमीदार बनून का राहील, हे त्याच्या डोक्यात शिरतच नाही. शकुनीचा पहिला डावही असाच वाया गेला. सगळं जिंकलं, मग दुर्योधन-दुःशासनांनी द्रौपदीला सभेत ओढलं आणि घाबरलेल्या धृतराष्ट्राने जिंकलेलं सगळं परत देऊन टाकलं. पुन्हा बोलावून बारा वर्षं वनवास आणि एक वर्ष अज्ञातवासाचा डाव मांडावा लागला. चाल शकुनीची होती, हाव भाच्यांची. भागीदार निवडताना हुशार खलनायक चुकतो तो असा.

आपल्या सर्व्हेअरकडे वळू. त्याचा गुण म्हणजे कागद आधीच तयार ठेवणं. पहिल्या दोन अपघातांत मुद्रांकांच्या रांगेत दीड तास गेला, एक दुकानदार कंटाळून निघून गेला. म्हणून तिसऱ्या वेळी त्याने मुद्रांक आधीच आणले. विक्रेत्याच्या नोंदवहीत तारीख पडली, खरेदीचं कारण पडलं: नुकसानभरपाईचं प्रतिज्ञापत्र. काचा फुटायच्या चार दिवस आधी. नायकाला हे उडून किंवा उचलून सापडणार नाही. त्याला खुर्चीत बसून शंभरेक कागद वाचावे लागतील, आणि या माणसाला वाचता येत असेल हे सर्व्हेअरच्या मनातही आलेलं नाही.

नेहमी बिघडणाऱ्या जागा

खलनायकाला हुशार दाखवण्यासाठी नायकाला बावळट करणं ही सगळ्यात सामान्य चूक. उलट करा. नायकाने प्रत्येक पानावर त्याच्याजवळच्या माहितीत सगळ्यात शहाणा निर्णय घ्यावा, आणि तोच निर्णय खलनायकाला हवा असावा. मसुदा झाल्यावर नायकाचे सगळे निर्णय वेगळे लिहून काढा आणि प्रत्येकापुढे विचारा, यापेक्षा बरं काय करता आलं असतं? चटकन उत्तर सुचलं तर ते पान पुन्हा लिहा.

दुसरी, डाव फार लांब ओढणं. एका पायरीवर दुसरी, तिच्यावर तिसरी, अशा सातआठ गोष्टी एकापाठोपाठ जुळाव्या लागत असतील तर वाचक हसतो. प्रत्येक पायरी दहातल्या आठ वेळा जमेल असं धरलं तरी तीन पायऱ्यांचा डाव निम्म्या वेळाच जमतो, आठ पायऱ्यांचा सहातून एकदा. एकमेकीवर अवलंबून असलेल्या पायऱ्या तीन ठेवा, बाकीच्या सुट्या, फसल्या तरी चालतील अशा. योगायोग खलनायकाच्या बाजूने फार तर एक, तोही सुरुवातीला. टाकीचा अपघात आपण तसाच वापरला.

तिसरी, भाषण. नायकाला बांधून ठेवून खलनायक सगळी योजना सांगतो आणि तेवढ्यात दोर तुटतो. ‘वॉचमन’ या कॉमिकच्या अकराव्या अंकात त्यातला खलनायक ओझिमँडियस योजना सांगतो ती पस्तीस मिनिटांपूर्वी अमलात आल्यावर. एकच बदल, क्रियापद भविष्यकाळातून भूतकाळात आलं, आणि चार दशकं झाली तरी ते पान उगाळलं जातंय. सांगायचंच असेल तर काम उरकल्यावर.

संवादांची भाषाही तपासा. आपल्याकडे खलनायक बोलायला लागला की नाटकी होतो, वाक्याच्या शेवटी ‘हा हा हा’ ऐकू येतं. सर्व्हेअर तसा बोलला तर मेला. तो नायकाला ‘अहो’ म्हणेल, पाणी विचारेल, ‘आपलं नाव कसं लिहू, उडणारे म्हणून लिहू का?’ असं शांतपणे विचारेल.

बावीस पानांत बसवताना

अमेरिकी मासिक अंकाच्या जुन्या मापाने बावीस पानं धरली तर मुद्रांकाची रांग सहाव्या पानावर येऊ द्या, आणि विनोद म्हणून येऊ द्या. ऊन, रांग, वैतागलेला दुकानदार, पिशवीतून छत्री काढणारा सर्व्हेअर. वाचक हसला की तपशील लक्षात राहतो आणि संशय येत नाही. पंधराव्या पानावर प्रतिज्ञापत्राचा कागद दिसावा, मुद्रांकावरची तारीख अंगठ्याखाली अर्धी झाकलेली. विसाव्या पानावर नायक नोंदवही उघडतो. या तिन्ही चौकटींत कागदाचा कोन एकच ठेवायला चित्रकाराला सांगा, म्हणजे वाचक पान उलटून मागे जाईल तेव्हा त्याला तो लगेच ओळखू येईल. पंधराव्या पानावरची ती चौकट मोठी काढू नका. पानाच्या आठव्या हिश्श्याएवढी पुरे. आणि तारखेतला दिवस अंगठ्याखाली राहू दे, महिना दिसू दे. उलटं केलंत तर चाणाक्ष वाचकाला पाचएक पानं आधीच सगळं कळेल.